पीक गेलं ते लिहिलं, माती गेली ती कोण लिहिणार?

सीनाकाठच्या महापुराचा राहिलेला हिशेब

सीना ही तशी गरीब नदी. अहिल्यानगरकडून निघून जामखेड, आष्टी, करमाळा, परंडा, माढा, मोहोळ असा दुष्काळी मुलूख तुडवत ती सोलापूरच्या खाली भीमेला मिळते. वर्षातले आठ महिने तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वेड्या बाभळीच जास्त दिसतात. काठावरची माणसं वर्षानुवर्षं एकच मागणी करत आली, की सीनेत पाणी सोडा. कोळेगावचं धरण भरलं की गावात पेढे वाटायचे, बंधाऱ्याला पाणी अडलं की नारळ फोडायचा. या नदीची भीती बाळगावी असं कुणाला कधी वाटलंच नव्हतं.

२०२५ च्या सप्टेंबरात ती समजूत एका रात्रीत पुसली गेली. २२ सप्टेंबरच्या आगेमागे सीना अशी काही फुगली, की नदी कुठली आणि रान कुठलं ते कळेना. माढा, मोहोळ, करमाळा आणि पलीकडचा परंडा इथली काठावरची गावं पाण्यात गेली. लोक घराच्या माळवदावर चढून बसले. दावणीची जनावरं दावणीलाच मेली. होड्या आल्या, आपत्ती दलाचे जवान आले, भूम-परंड्याकडे लष्कराचं हेलिकॉप्टर आलं. लांबोटीजवळ पुण्याचा रस्ता आणि सोलापूरच्या खाली विजयपूरचा रस्ता पाण्यामुळे बंद ठेवावा लागला. पहिलं पाणी ओसरतंय न ओसरतंय तोच, आठवडा सरायच्या आत, पुन्हा पावसाने गाठलं.

हे सारं वर्तमानपत्रांतून आलं, टीव्हीवर दिसलं. पुढारी आले, गेले. पंचनामे झाले, मदत जाहीर झाली, काहींच्या खात्यात पडली, काहींची अडली. पण या सगळ्या गडबडीत एका गोष्टीचा हिशेब मागेच राहिला. ती गोष्ट म्हणजे माती.

पाणी आलं कसं?

आधी हे पाणी आलं कुठून ते समजून घेऊ, कारण पुढच्या खेपेला तेच उपयोगी पडणार आहे.

त्या वर्षी मान्सून २५ मे रोजीच महाराष्ट्रात दाखल झाला. मे महिना म्हणजे नांगरटीचा, रान तापवायचा महिना. पण त्याच महिन्यात वळवाने आणि मान्सूनने मिळून रानं भिजवली. नंतर ऑगस्टातही पावसाने पाठ सोडली नाही. सप्टेंबर उजाडला तेव्हा जमिनीचं पोट भरलेलं होतं आणि धरणं-तलावही भरत आलेले होते. भरल्या घागरीवर पाणी ओतलं तर ते बाहेरच सांडणार. नेमकं तेच झालं.

पाऊस पडला तो एकट्या आपल्या गावावर नव्हे. वर अहिल्यानगर जिल्ह्यात पडला, बीडच्या आष्टी भागात पडला, धाराशिवच्या भूम-परंड्यात पडला. कोळेगाव, चांदणी, खासापुरी या प्रकल्पांना येणारं पाणी पोटात ठेवायला जागा उरली नव्हती. ते खाली सोडणं भाग पडलं. पुढे बार्शीकडून येणारी भोगावतीही आपलं पाणी घेऊन मोहोळ तालुक्यात सीनेला मिळते. चार वाटांचं पाणी एका वाटेला लागलं. ती वाट कैक वर्षं कोरडी पडून अरुंद झालेली, झाडाझुडपांनी भरलेली आणि दोन्ही अंगांनी नांगरून आत सरकवलेली.

सीना एके काळी मोगलाईची आणि इंग्रजी मुलखाची हद्द होती. आजही ती जिल्ह्याजिल्ह्यांची हद्द आहे. म्हणून पाऊस एका जिल्ह्यात, धरण दुसऱ्यात आणि पूर तिसऱ्यात असा प्रकार होतो. आपल्या मंडळातल्या पर्जन्यमापकाकडे बघून सीनेच्या पुराचा अंदाज येत नाही, हा या महापुराचा पहिला धडा.

पाणी ओसरल्यावर तीन रानं

महापूर ओसरल्यावर काठावरून चालत गेलं तर तीन तऱ्हेची रानं दिसतात.

पहिलं रान, जिथे पाणी नुसतं साचून राहिलं. सोयाबीन जागेवर कुजलं, उडदाच्या शेंगांना कोंब फुटले, कांद्याची रोपं सडली, तूर पिवळी पडून गेली. पण जमीन जागेवर आहे. वाफसा आला की तिथे शाळू नाहीतर हरभरा पेरता येतो.

दुसरं रान, जिथे नदीने गाळ आणि वाळू आणून टाकली. बारीक चिकण गाळ दोन-तीन बोटं बसला असेल तर ते नदीचं देणंच समजायचं. नांगरून मिसळला की झालं. पण वितभर वाळू बसली, गोटे आले, शेजारच्या गावचे पाइप, पत्रे आणि झाडांची खोडं येऊन पडली, तर ते आधी बाहेर काढल्याशिवाय औत चालत नाही.

तिसरं रान हे खरं दुखणं. जिथे पाण्याने वळण घेतलं, बंधाऱ्याला बगल दिली, ओढ्याच्या तोंडाशी घुसलं, तिथे जमीनच नेली. काळ्या रानाच्या जागी पिवळा मुरूम उघडा पडला, कुठे कंबरभर खड्डे, कुठे ओघळी. बांध नाही, बांधावरची लिंबोणी नाही, हद्दीचा दगडही नाही. विहीर होती तिथे गाळाने भरलेला खड्डा. ही मळीची जमीन, गावातली सगळ्यात कसदार. आज्या-पणज्याने शेणखत घालून राखलेली.

पीक गेलं तर एक साल जातं. माती गेली तर पिढी जाते. मुरमाची माती व्हायला शेकडो वर्षं लागतात, आणि ती जायला एक रात्र पुरते.

बांधावरचं बोलणं

पंचनाम्याच्या वेळी बांधावरचं बोलणं बहुधा असं होतं.

"भाऊसाहेब, ऊस किती लिहिला?"

"चाळीस गुंठे लिहिलाय, आबा. बागायतीत धरलाय."

"आन् रान?"

"रान म्हणजे?"

"ऊस ज्याच्यात उभा होता ते. ते बी गेलं की वो त्याच्यासंगट."

भाऊसाहेबांचाही दोष नसतो. त्यांच्याकडे तीन-चार गावं, वरून रोजचा फोन, किती झाले म्हणून. छापील तक्त्यात पिकाचा रकाना पहिला. पीक दिसतं, त्याचा फोटो निघतो, ई-पीक पाहणीत त्याची नोंद असते. मातीची नोंद कुठेच नसते. ती होती याचा पुरावा काय, तर शेजारचं न वाहिलेलं रान. म्हणून घाईत पीक लिहिलं जातं आणि माती राहते. नंतर तहसील कचेरीच्या खेपा सुरू होतात.

कागद काय सांगतो?

७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. पिकाच्या मदतीत बियाणं व इतर खर्चाचे हेक्टरी १० हजार धरून कोरडवाहूला हेक्टरी १८ हजार ५००, हंगामी बागायतीला २७ हजार आणि बहुवार्षिक बागायतीला ३२ हजार ५०० रुपये असा हिशेब सांगितला गेला. मर्यादा तीन हेक्टरांची. गाळाने भरलेल्या विहिरीला ३० हजार आणि दुभत्या जनावराला ३७ हजार ५०० रुपये.

खरडून गेलेल्या जमिनीचा हिशेब वेगळा होता. हेक्टरी ४७ हजार रुपये रोख, आणि हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंत रोजगार हमीतून. हे तीन लाख म्हणजे खात्यात पडणारा पैसा नव्हे, तर कामाच्या रूपाने मिळणारी मदत. हा फरक पुष्कळ गावांत नीट कळला नाही. कुणी बँकेत जाऊन पासबुक भरून आले आणि तीन लाख कुठे गेले म्हणून विचारत बसले. काम मागावं लागतं, त्याचं अंदाजपत्रक व्हावं लागतं, मंजुरी लागते. ज्याच्या पंचनाम्यात जमीन खरडल्याचं लिहिलेलंच नाही, त्याला हे दार उघडतच नाही.

गाळ बसलेल्या जमिनीचाही निकष आहे. तीन इंचांपेक्षा जास्त थर असेल तर आपत्ती निधीच्या दराप्रमाणे गाळ काढायला हेक्टरी १८ हजार रुपयांची तरतूद आहे. म्हणजे थर किती इंच, हे कागदावर आलं पाहिजे. "गाळ साचला आहे" एवढ्या मोघम वाक्याने काम भागत नाही.

ब्रासचा हिशेब

आता जरा माती मोजून बघू. गवंड्याला, ट्रॅक्टरवाल्याला विचारायची गरज नाही, हिशेब सोपा आहे.

एक एकर म्हणजे ४३ हजार ५६० चौरस फूट. त्यावरची एक फूट माती गेली तर ४३ हजार ५६० घनफूट गेली. शंभर घनफुटांचा एक ब्रास. म्हणजे एकरी ४३५ ब्रास. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत ब्रासभर माती बसते असं धरलं, तर एका एकराला ४३५ खेपा. हेक्टरला १,०७६.

हेक्टरी ४७ हजार या १,०७६ ब्रासवर वाटले तर ब्रासमागे ४४ रुपयेसुद्धा येत नाहीत. रोजगार हमीचे तीन लाख पुरते मिळाले असं धरून दोन्हींची बेरीज केली तरी ब्रासमागे सव्वातीनशेच्या आतच. माती, भराई, भाडं, डिझेल आणि पसरणी एवढ्यात बसते का, ते ज्याने कधी एक ट्रॉली आणवली असेल त्याने मनाशी ताडून बघावं. शिवाय हा झाला फुटाचा हिशेब. जिथे कंबरभर खड्डा पडला तिथे तो तिप्पट होतो.

मदत कमी म्हणून हातावर हात धरून बसा, असं सांगायचा यात हेतू नाही. पण जमीन खरडणं हे पीक बुडण्याच्या दसपट नुकसान आहे, हे आकडे सांगतात. ते नुकसान कागदावर पीक बुडीच्या पोटात गडप होऊ द्यायचं नाही, एवढं तरी गावाच्या हातात आहे.

पंचनाम्यात काय काय हवं?

तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांच्या पदांची नावं आता बदलली, पण बांधावर उभं राहायचं काम त्यांचंच आहे. शेतकऱ्याने आणि त्यांनी मिळून पुढच्या गोष्टी लिहून घ्याव्यात.

एक, गट नंबरात पीक बुडालेलं किती, गाळ बसलेलं किती आणि खरडून गेलेलं किती, हे तीन आकडे गुंठ्यांत वेगवेगळे. एकाच गटात तिन्ही असू शकतात.

दोन, खरडल्याची खोली. चार-पाच ठिकाणी टेप लावून फुटांत. शेजारचं शाबूत रान हीच पातळी धरावी. खड्ड्यात टेप किंवा काठी उभी करून फोटो काढावा.

तीन, गाळाचा थर इंचांत. खड्डा घेऊन दाखवावा.

चार, विहीर, मोटार, पाइपलाइन, ठिबक, बांध आणि फळझाडं यांची वेगळी नोंद.

पाच, कारण. हे सगळ्यात महत्त्वाचं. अतिवृष्टीचा सरकारी निकष मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पावसाचा. पण सीनाकाठच्या गावावर कधी कधी तेवढा पाऊस नसतोच. पाणी वरच्या जिल्ह्यातून येतं. अशा गावाच्या पंचनाम्यात नुसतं "अतिवृष्टी" लिहिलं तर मंडळाच्या आकड्याशी ते जुळत नाही आणि प्रकरण अडकतं. "नदीच्या पुराचे पाणी शिरून" असं स्पष्ट लिहावं.

सहा, हद्दी. बांध गेला की भावाभावांत वाद लागतो. गावातली जाणती माणसं हयात आहेत आणि आठवण ताजी आहे तोवर चतु:सीमा ठरवून घ्याव्यात, गरज वाटली तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज द्यावा. कोर्टात घालायचा पैसा मातीत घातलेला बरा.

विम्याबद्दलही एक लक्षात ठेवावं. २०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयातला पीक विमा बंद झाला, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून येणाऱ्या उत्पन्नावर ठेवली गेली. आधी ७२ तासांत कळवलं की स्थानिक आपत्तीचा दावा लागायचा, तो रस्ता त्या खरिपात नव्हता. पुष्कळांनी सवयीने फोन फिरवले आणि मग कळलं. तेव्हा दर हंगामाला हप्ता भरण्यापूर्वी, त्या वर्षी कोणकोणती जोखीम धरली आहे, ते कृषी कार्यालयात विचारून घ्यावं. आणि विमा पिकाचा असतो, मातीचा नसतो, हेही ध्यानात असू द्यावं.

रान पुन्हा उभं करताना

खरडलेल्या रानात घाईने जेसीबी घालून नुसता मुरूम ढकलायचा आणि वरून सपाट करायचं, असं पुष्कळांनी केलं. रान सपाट दिसतं, पण पिकाला मुळं घालायला जागा मिळत नाही, आणि पुढच्या पावसात तो सैल भराव पहिल्यांदा जातो.

खोल ओघळी थराथराने भराव्यात, तळाला दगड-मुरूम आणि वर माती. नदीच्या अंगाला दगडाची ताल घालावी. भरावाला एक पावसाळा बसू द्यावा.

वरच्या थराला तलावातला गाळ उत्तम. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजना त्यासाठीच आहे. २०२३ च्या शासन निर्णयात लहान व अल्पभूधारक शेतकऱ्याला एकरी १५ हजार आणि अडीच एकरांपर्यंत ३७ हजार ५०० रुपये अनुदान ठेवलं गेलं. हा हिशेब एकरी ४०० घनमीटर गाळाचा आहे, म्हणजे साधारण १४० ब्रास, चार इंचांचा थर. गेलेला एक फूट त्यात भरून येत नाही, पण शेणखत घालून मूठभर जीव धरायला तेवढा थर पुरतो. गाळ टाकण्यापूर्वी त्याची माती परीक्षण केंद्रात तपासणी करावी. खारट किंवा चुनखडीचा गाळ आणून रानाचं चोपण करून घेऊ नये.

पहिल्या साली ऊस, केळीचा हट्ट नको. ताग किंवा धैंचा करून गाडावा. मग हुलगा, मूग, मटकी अशी हलक्या रानात तगणारी कडधान्यं घ्यावीत. दोन-तीन वर्षं रानाला खायला घालायचं आहे, रानाकडून खायचं नाही.

पाणी साचलेल्या रानात वाफसा येण्यापूर्वी ट्रॅक्टर घालू नये. ओल्या काळ्या रानात चाक फिरलं की खाली पाटा बसतो, मग दोन हंगाम पाणी मुरत नाही.

आपलंही थोडं चुकलं

नदीला दोष देताना आपल्याकडेही बघायला हवं. पात्र कोरडं म्हणून दर साली दोन-दोन तासं आत नांगर घातला. काठावरच्या करंजी, बाभळी, शेरणीचं गवत काढून तिथपर्यंत ऊस नेला. ओढे बुजवून रस्ते केले, नळ्या टाकल्या त्या अपुऱ्या. वाळू उपसून पात्राला खड्डे पाडले. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची दारं पावसाळ्यात काढलेली असायला हवीत. ती कुठे अडकून राहिली, कुठे खांबांना काटेरी झुडपं, पाचट, ओंडके येऊन तटले. तुंबलेलं पाणी मग बंधाऱ्याच्या कुशीतून फुटतं आणि लगतचं रान खातं. बंधाऱ्याशेजारचीच जमीन जास्त खरडते, त्याचं मोठं कारण हेच.

काठाची शेवटची चार-पाच वावं रिकामी सोडली, तिथे बांबू, वाळा, मारवेल लावलं, तर दोन गुंठे जमीन पडीक राहील, पण उरलेला एकर राहील. दरवर्षी मेच्या अखेरीस पाणी वापर संस्थेने आणि ग्रामपंचायतीने बंधाऱ्याची दारं निघाल्याची खात्री करून पात्रातली झुडपं काढावीत. पुराचं पाणी गावात कुठवर आलं त्याची खूण शाळेच्या, चावडीच्या भिंतीवर रंगाने तारखेसह करावी. दहा वर्षांनी येणाऱ्या सुनेला आणि नव्या भाऊसाहेबांना ती उपयोगी पडेल. आणि वरच्या अंगाच्या दोन-तीन गावांचे सरपंच-पोलीस पाटील यांचे फोन नंबर चावडीत लावून ठेवावेत. रात्री अकराला वरच्या गावातून फोन आला तर निदान जनावरांची दावी तरी वेळेवर सुटतील.

याच मुलखाने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, नाला बंडिंग केलं आणि पाणी अडवायला शिकला. आता त्यालाच मातीही अडवायला शिकायचं आहे. ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीत एक विषय घ्यावा, खरडलेल्या जमिनींची गटवार यादी. कुणाची किती गेली, किती खोल गेली, पंचनाम्यात आली की नाही, काम मंजूर झालं की नाही. ही यादी प्रोसिडिंग बुकात लिहून ठराव करावा आणि तहसीलला व पंचायत समितीला पोच घेऊन द्यावा. एकट्याचा अर्ज टेबलाखाली जातो, गावाचा ठराव सहसा जात नाही.

पीक गेलं ते सरकारने लिहिलं. माती गेली ती गावाने लिहावी लागेल.